रोमा पास घ्यावा का? हिशोब मांडला, मग हा रिव्ह्यू

रोमला जायचं ठरलं की विमानाच्या तिकिटांनंतर लगेच रोमा पासचा, म्हणजे साईट्स आणि बस-मेट्रो मिळून टुरिस्टांसाठी असलेल्या कार्डाचा विषय निघतो. जो तो सांगतो घेऊन टाका, सगळं फुकट, लाईन पण लागत नाही. तर सगळं फुकट नाहीये आणि लाईनचं तर बोलायलाच नको. पास वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण तो सरसकट सगळ्यांना परवडणारा नाहीये. पाचपैकी तीन स्टार, आणि तेही थोडं सांभाळून घेऊन.

आधी काय मिळतं ते बघू. ४८ तासांचा पास ३६.५० युरोला आणि ७२ तासांचा ५८.५० ला. छोट्या पासवर पहिली एक साईट फुकट, मोठ्यावर पहिल्या दोन, पुढच्या ठिकाणी सवलतीचं तिकीट, आणि तेवढे तास मेट्रो, बस, ट्राम कितीही वेळा वापरा.

आता कॅल्क्युलेटर काढा. कोलोसियमचं साधं तिकीट १८ युरो, त्यातच रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडी पण येते. ४८ तासांचं बस-मेट्रोचं तिकीट सुटं घेतलं तर १५. झाले ३३. म्हणजे पास घेऊन साडेतीन युरो जास्तच गेले की! मोठ्या पासचं बघा, कोलोसियम १८, बोर्गेझे गॅलरी जवळपास तेवढीच, ७२ तासांचं प्रवासाचं तिकीट २२, बेरीज ५८ च्या आसपास. पास ५८.५०. ज्याने कोणी ही किंमत ठरवली त्याचं गणित पक्कं आहे एवढं मात्र मानलं.

आणि ही बरोबरी पण कधी, तर तुम्ही तिन्ही दिवस दणकून बस-मेट्रो वापरली तर. रोमचा जुना भाग मुळात पायी फिरायचा आहे. त्रेवी कारंज्यापासून पँथिऑन हे जुनं रोमन मंदिर दहा मिनिटं, तिथून पियाझ्झा नवोना हा चौक अजून पाच, आणि या पट्ट्यात मेट्रो स्टेशनच नाही. अख्ख्या शहरात मेट्रोच्या लाईन तीनच, कारण जिथे खणावं तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी हाती लागतं आणि काम थांबतं. तिसरी लाईन कोलोसियमपर्यंत पोचायला डिसेंबर २०२५ उजाडला, आणि ते स्टेशनच आता छोटं म्युझियम झालंय, खणताना सापडलेल्या वस्तू तिथेच मांडल्यात. तिथे उतराच, त्याला साधं मेट्रोचं तिकीट पुरतं. सुटं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं, बस कितीही बदला पण मेट्रोचा प्रवास एकच. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटला टेकवलं तरी चालतं, कागदी तिकिटाची भानगडच नको. दिवसाला अशी चार तिकिटं झाली तरी सहा युरो, तीन दिवसांचे अठरा. पायात बरे बूट असतील तर चार पण होणार नाहीत, फक्त बूट खरंच बरे हवेत, तिथले रस्ते चौकोनी काळ्या दगडांचे आहेत आणि पातळ सोलच्या चपलेत संध्याकाळपर्यंत तळपायांची वाट लागते.

रांगेचं म्हणाल तर पास असला तरी कोलोसियमला तारीख आणि वेळ ऑनलाईन बुक करावीच लागते. बोर्गेझेला पण तेच, तिथे दोन-दोन तासांचे स्लॉट असतात आणि वेळ संपली की बाहेर काढतात. म्हणजे पास खिशात आहे पण स्लॉट नाही अशी वेळ आली तर बाहेरून फोटो काढायचे आणि परत यायचं. म्हणून आधी स्लॉट मिळतोय का बघा आणि मगच पासचे पैसे भरा, उलटं करू नका. कोलोसियमचे स्लॉट साधारण महिनाभर आधी उघडतात आणि सीझनमध्ये भराभर उडतात, तिकिटावर नाव असतं त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवायचा. बाय द वे, आत शिरायच्या आधी उत्तरेकडच्या बाजूने मान वर करून बघा, कमानींवर कोरलेले रोमन आकडे अजून दिसतात. ते प्रवेशद्वारांचे नंबर. इ.स. ८० मध्ये हे उघडलं तेव्हाही लोक आपला नंबर बघून ठरलेल्या दारानेच आत जायचे, त्यामुळे स्लॉट वगैरे हे काही आजचं फॅड नाही.

फॅमिलीने जाणाऱ्यांनी तर दहादा विचार करा. सरकारी साईट्सना १८ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, आपल्या मुलांना पण नाही, फक्त कोलोसियमसारख्या ठिकाणी त्यांचं शून्य रुपयांचं, म्हणजे शून्य युरोचं तिकीट तेवढं बुक करावं लागतं. बस-मेट्रोत दहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. मग त्यांच्या नावाने ५८.५० कशाला घालवायचे? कॉलेजातल्या पोरांचं मात्र वाईट आहे, १८ ते २५ ची दोन युरोवाली सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांपुरतीच, आपल्याला पूर्ण तिकीट.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यामुळे माझे दोन स्टार गेले. व्हॅटिकन यात नाही. असणारही नाही, १९२९ पासून तो वेगळा देश आहे, त्याचं म्युझियम त्याचं तिकीट. पण रोमला तीन दिवसांसाठी जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एक अख्खा दिवस तिकडे घालवतो, म्हणजे ७२ तासांतला एक दिवस पास नुसता पाकिटात. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी उघडं आणि फुकट, आणि त्या दिवशीची रांग बघून माणूस आपणहून पैसे द्यायला तयार होईल. सेंट पीटर्स बॅसिलिकाला तिकीट नाही, फक्त सिक्युरिटीची लाईन, आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पँथिऑनला ५ युरो, पण बघून घ्याच, ४३ मीटरचा काँक्रीटचा घुमट, आत एकही खांब नाही, वर मधोमध गोल भोक. पाऊस आला तर सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. ती भोकं शोधायला खाली बघावं लागतं, बहुतेक लोक वरच बघत असतात.

एअरपोर्टला पण पास चालत नाही हे लक्षात ठेवा. फ्युमिचीनो एअरपोर्टहून टर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनला थेट ट्रेन १४ युरो माणशी, ३२ मिनिटं. टॅक्सीचा जुन्या शहराच्या तटबंदीच्या आतपर्यंतचा ठरलेला दर ५५ युरो. म्हणजे चौघं असाल तर ट्रेनचे ५६ होतात, टॅक्सी हॉटेलच्या दारात सोडते. दोघं असाल तर ट्रेनच बरी.

मग घ्यायचा कोणी? ज्याचं हॉटेल लांब आहे, रोज मेट्रोने ये-जा आहे, कोलोसियम आणि बोर्गेझे दोन्हीचे स्लॉट हातात आहेत आणि कॅपिटोलिन म्युझियमसारखं तिसरं काही सवलतीत करायचंय, त्याने ७२ वाला घ्यावा. ४८ वाला मला तरी कोणालाच सुचवावासा वाटत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी साईट्स तशाही फुकट असतात, तेव्हा तो दिवस मध्ये येत असेल तर पास विसरा, गर्दी मात्र सहन करा. घेतलाच तर एक करा, पोचल्याच्या संध्याकाळी तो अजिबात वापरू नका. तास पहिल्या वापरापासून मोजतात, त्यामुळे त्या संध्याकाळी बँकेच्या कार्डाने दीड युरो द्या आणि पास दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करा. आणि शेंगेन व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं काहीच घेऊ नका, पास तर सगळ्यात शेवटी.

अजून एक, संप. रोममध्ये बस-मेट्रोचे संप होत असतात, बऱ्याचदा शुक्रवारी, आधी जाहीर करून. सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ गाड्या चालवायचा नियम आहे, मधल्या वेळात पास असो नसो सगळे सारखेच. तुमच्या तारखांमध्ये असा दिवस येत असेल तर त्रेवी-पँथिऑन-नवोना तेव्हाच उरकून घ्या, आणि कोलोसियमचा स्लॉट दुसऱ्या दिवसाचा घ्या.