शाडू की डो? आमच्याकडे काय टिकलं

पोरांना हात बरबटू द्यायचे हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो, प्रश्न फक्त कशात बरबटू द्यायचे एवढाच. आमच्याकडे आधी वर्षभर डो (म्हणजे डब्यात मिळतो तो मऊ, रंगीत प्ले-डो) होता, गेल्या गणपतीपासून शाडू आहे. मुलगा साडेपाचचा, मुलगी तीनची, घर वन बीएचके, त्यामुळे पसारा बघायला लांब जावं लागत नाही.

डोची गंमत म्हणजे हा लगदा मुळात अमेरिकेत वॉलपेपरवरची कोळशाची काजळी पुसायला वापरायचे, १९५६ मध्ये त्याचं खेळणं झालं. आमच्या सोफ्याला हे कोणी सांगितलं नसावं. पण डो वाईट नाही हां, डबा उघडला की खेळ सुरू, आणि घरी करायचा तर दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, थोडं तेल, कोमट पाणी, झालं. फक्त पावसाळ्यात मिठामुळे त्याला पाणी सुटतं. आणि पोराला गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर विकतच्याचंही लेबल वाचा, त्यातही बहुतेक गव्हाचं पीठच असतं. घरच्यात मी एकदा हळद घातली होती, मग साबणाने ओटा पुसला तर पिवळ्याचे डाग लालभडक, बायकोला वाटलं कोणाला तरी लागलं.

पण हे सगळं चाललं असतं. मला वैताग आला तो रंगांचा. सहा डब्यांचे सहा रंग, आणि मी शेजारी बसून सारखा "अरे निळा पिवळ्यात नको, हिरव्याचं झाकण लाव, ते मिक्स करू नकोस ना", शेवटी आठवड्याभरात सगळ्याचा एकच शेणासारखा गोळा व्हायचा तो व्हायचाच. एकदा धाकटी गोळा हातात धरून माझ्याकडे बघत थांबली, हे करू का, म्हणून. खेळायला दिलं होतं मी, आणि परवानगी मागत होती ती.

शाडूला एकच रंग, मिक्स काय करणार, माझं तोंड आपोआप बंद. परातीत गोळा आणि वाटीत पाणी दिलं की तासभर निघतो. कडक झाला की भिजत घालायचा, परत मऊ.

त्रास आहेच, खोटं कशाला बोलू. केलेला हत्ती वाळला की तडकतो आणि मग रडारड (मूर्तिकार त्यात कापूस कुटून घालतात, तेवढा उत्साह मला नाही). सांडलेलं वाळल्यावर झाडू नका, धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा. आणि बेसिनमध्ये हात अजिबात धुवायचे नाहीत, पाइप तुंबतो, मी प्लंबरला पैसे देऊन शिकलोय. बादलीत धुवायचे, रात्रभर ठेवायची, सकाळी वरचं पाणी कुंड्यांना आणि खालची माती परत डब्यात.

प्रवासात, पाहुण्यांकडे किंवा वीस मिनिटं पोरं गुंतवायची असतील तर डोच बरा, आमच्याकडे अजून दोन डबे आहेत. तुमच्या घरी गालिचा असेल तर कदाचित माझं ऐकूच नका. पण मोरीजवळ थोडी मोकळी फरशी असेल तर शाडू एकदा आणून बघा, आणि आणायचा तर गणपतीच्या आधी जरा जास्तच आणा, दिवाळीनंतर आमच्या भागात चार दुकानं फिरलो तरी मिळाला नव्हता.