शेजारी, प्रशासन की मोठी कंपनी? आपत्तीआधी करार कुणाशी करायचा

आपत्तीची तयारी एकट्या दुकानदाराला झेपत नाही, हे एव्हाना बहुतेकांना पटलेलं असतं. व्यापारी संघटनेच्या बैठकीत घोडं अडतं ते पुढे: हातमिळवणी करायची कुणाशी? आपल्याच रस्त्यावरच्या शेजाऱ्यांशी, स्थानिक प्रशासनाशी, की ज्या मोठ्या कंपनीला आपण माल पुरवतो तिच्याशी? तिन्ही करावंसं वाटतं, पण वर्षभरात अशा कामाला मोजक्या संध्याकाळी मिळतात. त्या आधी कुठे खर्चायच्या, एवढाच खरा प्रश्न.

मी शेजाऱ्यांपासून सुरुवात करेन. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५.४६ ला जपानमधलं कोबे हादरलं. ढिगाऱ्यात अडकलेल्या, स्वतःहून निघू न शकणाऱ्या सुमारे ३५ हजार लोकांपैकी २७ हजारांच्या आसपास लोकांना आजूबाजूच्या माणसांनीच बाहेर काढलं, असा अंदाज नंतर मांडला गेला. भूकंपाच्या केंद्राजवळच्या आवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं. तिथले अग्निशमन स्वयंसेवक गावातलेच. कुठल्या घरात कोण कोणत्या खोलीत झोपतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कुठे खणायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत गावात बेपत्ता असं कुणी उरलं नव्हतं.

दुकानांसाठी हीच माहिती जरा वेगळी असते. वीज गेल्यावर मोटरचं शटर हाताने उघडायचा दांडा कुठे टांगलाय, गॅसचा मुख्य कॉक कुठल्या भिंतीवर आहे, मागच्या खोलीत थिनरचे डबे आहेत का, रात्री दुकानात कुणी झोपतं का, जनरेटर कुणाचा आणि डिझेल कुणी भरायचं. सगळं एका कागदावर मावतं आणि खर्च जवळपास शून्य. अडचण असते ती मनाची. समोरच्या दुकानदाराशी रोजची चुरस, त्याच्याकडे आपली किल्ली कशी ठेवायची? त्यावर सोपा तोडगा आहे: किल्ली सीलबंद पाकिटात, वर दोघांच्या सह्या.

पण शेजाऱ्याची एक मोठी उणीव आहे. पूर आला की तो तुमच्याबरोबरच बुडतो. रस्त्यावर पाच जनरेटर असले आणि पाचही तळघरात असले, तर वेळेला एकही चालत नाही. म्हणून दुसऱ्या खोऱ्यातल्या किंवा उंचावरच्या एखाद्या संघटनेशी जोडी जमवून ठेवावी. साठवणीला जागा आणि हिशेबाच्या नोंदींची प्रत, एवढं जरी एकमेकांना दिलं तरी पुष्कळ.

प्रशासनाशी करार जास्त वेळखाऊ, आणि केल्यानंतर विसरला जाण्याची शक्यताही तिथेच जास्त. तरी तो टाळू नये, कारण काही गोष्टी फक्त त्यांच्याच हातात असतात. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराचा मध्यभाग बंद करण्यात आला. बंदीचं क्षेत्र हळूहळू लहान होत गेलं, तरी शेवटची नाकाबंदी उठायला जून २०१३ उजाडलं. ज्याच्या वह्या, सर्व्हर, अवजारं आत अडकली, त्याला शेजारी काय मदत करणार? आत जाण्याचा पास कुणाला, किती वेळासाठी आणि कुणाच्या सहीने मिळणार, हे आधीच ठरवून घेणं मला या करारातलं सगळ्यात मोलाचं कलम वाटतं.

असा करार वेळेला कामी येतो, याचा दाखलाही कोबेचाच. तिथल्या ग्राहक सहकारी संस्थेने, कोप कोबेने, १९८० मध्येच शहराशी जीवनावश्यक वस्तू पुरवण्याचा करार केला होता. भूकंपात संस्थेचं मुख्यालय कोसळलं, तरी पुरवठा सुरू झाला. मात्र ती मोठी संस्था होती, उधारी सोसू शकत होती. छोट्या दुकानदाराने माल द्यायचा आणि बिल सहा महिने फिरत राहायचं, तर पुरातून वाचलेला माणूस देण्यांत बुडेल. दर कसा ठरणार, मागणी कोण नोंदवणार, पैसे किती दिवसांत मिळणार, हे लिहून घ्यावंच. आणि करारात अधिकाऱ्याचं नाव नको, पद हवं. माणसं बदलतात. वर्षातून दोनदा त्या नंबरवर फोन करून बघावा, कोण उचलतं ते.

मोठ्या कंपनीची भागीदारी दिसायला सगळ्यात आकर्षक: प्रशिक्षण, तयार नमुने, छान फोल्डर. ती किती ताकदीची असू शकते हे १९९७ मध्ये दिसलं. १ फेब्रुवारीला टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाला ब्रेकचे छोटे व्हॉल्व्ह मिळेनात; गाड्यांचं उत्पादन ठप्प झालं. साठहून अधिक कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर ते बनवायला घेतले, आणि काही दिवसांत गाडी रुळावर आली. पण इथे अडली होती टोयोटा. तुमची शेड बंद पडली तर पुरवठ्याची ही सगळी साखळी तितक्याच तातडीने धावत येईल, असं समजू नका. सरळ विचारा: मी दोन आठवडे बंद राहिलो तर माझी ऑर्डर राखून ठेवाल का, आगाऊ रक्कम द्याल का? लेखी उत्तर मिळालं तर ती भागीदारी. नाही मिळालं, तर मोफत प्रशिक्षण म्हणून घ्या आणि आभार माना.

विमा आणि बँक यांना मी या तुलनेत धरलं नाही. ते हवेतच, पण त्यांचे पैसे शटर उचलायला येत नाहीत.

तर माझा क्रम असा: पहिल्या दोन संध्याकाळी शेजाऱ्यांना, तिसरी प्रशासनाला आणि पासच्या कलमाला, उरली तर कंपनीला. अपवाद एकच. तुमची विक्री जवळपास सगळी एकाच ग्राहक कंपनीवर उभी असेल, तर तिच्याशी बोलणं आधी उरका.

पहिल्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकाने आपल्या शटरचा दांडा शोधून, एकदा फिरवून बघावा. दांडा गंजलाय की जागेवरच नाही, हे तेव्हाच कळेल.