बीपीएमएसवरची बांधकाम परवानगी: कुठे पळते, कुठे अडते

छोटा भूखंड, कागद स्वच्छ आणि समोर पुरेसा रुंद रस्ता असेल, तर बीपीएमएस या महाराष्ट्र राज्याच्या बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन सेवेला पाचापैकी चार गुण. सामासिक अंतरात (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) सवलत हवी असेल किंवा झोनच (विकास आराखड्यात ठरलेला जमिनीचा वापर) आडवा येत असेल, तर जेमतेम दोन. याला संगणक फारसा जबाबदार नाही. नकाशा नियमात बसतो का, एवढंच त्याला तपासता येतं; जमिनीचे वाद आणि अधिकाऱ्यांच्या विवेकाधिकाराचे निर्णय त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

आधी हद्द स्पष्ट करू. डिसेंबर 2020पासून लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, जिथे चालते तिथल्या कामाबद्दल हे लिहिलं आहे. बृहन्मुंबईला 2034ची स्वतंत्र नियमावली आहे. एमआयडीसी (औद्योगिक वसाहती), नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र), लोणावळा आणि थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदाही यूडीसीपीआरमधून वगळलेल्या आहेत. तुमचा भूखंड नेमका कोणाच्या अखत्यारीत येतो याची खात्री आर्किटेक्ट नेमण्याआधीच करून घ्या.

सेवेची सर्वात चांगली बाजू लहान घरांसाठी आहे. 150 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड कमी जोखमीच्या गटात मोडतो. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने सही केलेला नकाशा सादर करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी ठरते. 150 ते 300 चौरस मीटरसाठी दहा दिवसांची मुदत आहे. मात्र इथे नियमात बसण्याची सगळी जबाबदारी सही करणाऱ्यावर आणि मालकावर येते. पावती हातात आहे म्हणून चुकीचं बांधकाम अधिकृत होत नाही.

आता नकाशाची तपासणी. कॅडमधलं साधं ड्रॉइंग चालत नाही. प्रीडीसीआर या नकाशा तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्ट ठरलेल्या लेयरवर (थरावर), ठरलेल्या नावाने आणि बंद पॉलिलाइनमध्ये (सलग जोडलेल्या रेषेत) द्यावी लागते. भूखंडाची हद्द, सामासिक अंतरं, मजले, खोल्या, जिना, पार्किंग, सगळंच. पॉलिलाइन एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर उघडी राहिली तर ते क्षेत्र मोजलंच जात नाही आणि अहवालात भलताच दोष दिसतो, उदाहरणार्थ ‘पार्किंग अपुरं’. अननुभवी ड्राफ्ट्समन मग पार्किंगची रचना बदलत बसतो. अहवालात न पटणारा दोष आला की आधी लेयर आणि पॉलिलाइन तपासा, डिझाइनला हात नंतर लावा.

दुसरी नेहमीची चूक पी-लाईनची, म्हणजे मजल्याच्या बांधकामाच्या बाहेरच्या कडेच्या रेषेची. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, आता या रेषेवर मोजतात; बाल्कनी आणि जिने त्यातच येतात. जुन्या नियमांची सवय असलेले लोक ती क्षेत्रं अजूनही वजा करून बसतात. त्याबदल्यात निवासी वापराला 60 टक्के आणि अनिवासी वापराला 80 टक्के अनुषंगिक (जोडीचा जादा) एफएसआय मिळतो, पण तो अधिमूल्य (प्रीमियम) भरून.

कागदांमध्ये सर्वाधिक फाईली मोजणीवर अडतात. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक सहा महिन्यांपेक्षा जुनं नको, हे सगळ्यांना माहीत असतं. भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) मात्र कोणी नीट वाचत नाही. उताऱ्यावर 520 चौरस मीटर आणि मोजणीत 497 आले, तर गणित 497वर होतं. हद्द आणि वहिवाट (प्रत्यक्ष ताबा) यांच्या रेषा वेगळ्या दिसत असतील, तर शेजाऱ्याची भिंत तुमच्या जागेत आहे किंवा तुमची त्याच्या जागेत. हा गुंता सुटण्याआधी नकाशा काढणं म्हणजे काम दुप्पट करणं. जमीन भोगवटादार वर्ग 2ची (शासनाच्या अटींनी बांधलेली) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा विषय आधी मार्गी लावा. विकास आराखड्यातल्या वापरासाठी वेगळी बिगरशेती (एनए) परवानगी आता लागत नाही, शासनाची ठरलेली आकारणी भरावी लागते. तरीही ‘एनए करून देतो’ म्हणणारे एजंट भेटतातच.

यापेक्षाही महाग पडते ती रस्त्याची रुंदी. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत, दाट वस्तीबाहेर, रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ 1.10 एफएसआयवर भागवावं लागतं. अधिमूल्याचा एफएसआय नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. 9 ते 12 मीटरला अधिमूल्याचा 0.50 आणि टीडीआरचा 0.40 धरून कमाल 2.00. भूखंड 500 चौरस मीटरचा असेल, तर पहिल्या बाबतीत 550 आणि दुसऱ्या बाबतीत 1000 चौरस मीटर. 60 टक्के अनुषंगिक धरल्यावर हेच आकडे 880 आणि 1600 होतात. आराखड्यात 9 मीटर आणि जागेवर 8.6 अशा गल्ल्या भरपूर आहेत. म्हणून जागा घेण्याआधी विकास आराखड्याचं मत (डीपी ओपिनियन, आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलं आहे याचा लेखी दाखला) घ्या आणि टेप लावून रस्ता मोजा. महापालिकेने ठराव करून रस्त्याची नियमित रेषा (रुंदीकरणानंतरची हद्द) जाहीर केली असेल, तर रुंदीकरणाची पट्टी सोपवून मार्ग निघू शकतो. तो ठराव झाला आहे की नुसती चर्चा आहे, हे लेखी घ्या. ब्रोकरच्या तोंडी शब्दावर बांधकामाचं गणित मांडू नका.

सवलतीचं प्रकरण म्हणजे ‘हार्डशिप’. भूखंड त्रिकोणी आहे, एका बाजूने निमुळता होतो, जुनी विहीर मध्येच येते, अशी दाखवता येण्याजोगी अडचण असेल तर प्राधिकरण काही मापं शिथिल करू शकतं. आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना मात्र धक्का लागता कामा नये. एफएसआय आणि रस्त्याकडचं अंतर यांत या नावाखाली सवलत मिळत नाही. ती मागणारा अर्ज म्हणजे वेळेचा अपव्यय. ‘एक खोली कमी पडते’ हे कारणही टिकत नाही, कारण ती अडचण भूखंडाची नसून मालकाच्या इच्छेची असते. चांगल्या अर्जात दोन नकाशे असतात: नियमात बसवलेला आणि सवलतीचा. पहिल्यात खोल्या का बसत नाहीत हे मापांसह दिसलं, की टिपणी लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं. मंजुरी मिळाली तरी अधिमूल्याचं चलन येतं. त्याची रक्कम आर्किटेक्टकडून आधीच काढून घ्या. कधीकधी डिझाइन बदलणं स्वस्त पडतं.

झोन बदलणं हा वेगळा रस्ता आहे आणि तो या पोर्टलवर नाही. शेती झोनचा निवासी करायचा किंवा आरक्षण हलवायचं, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966चं कलम 37 लागतं: महापालिकेचा ठराव, हरकती-सूचनांची नोटीस, सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी. बांधकाम खात्यातल्या कोणाच्याही हातात हे नसतं. तिथे कोणी ‘आतून करून देतो’ म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

शुल्काचा तपशील थोडक्यात. निवासी वापराला विकास शुल्क रेडीरेकनरमधल्या (शासनाच्या दरतक्त्यातल्या) जमीन दराच्या अर्धा टक्का जमिनीसाठी आणि 2 टक्के बांधकामासाठी. काही शहरांत मेट्रोसारख्या प्रकल्पांमुळे अधिभार वेगळा. बांधकाम कामगार उपकर खर्चाच्या 1 टक्का. छाननी शुल्क आणि अधिमूल्यं यावर वेगळी. चलनं एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे अंदाजपत्रक हमखास चुकतं.

वेळेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. कलम 45 नुसार 60 दिवसांत निर्णय आला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, पण हे 60 दिवस अर्जापासून किंवा त्रुटीच्या उत्तरापासून, जे नंतरचं असेल तिथून मोजतात. प्रत्येक त्रुटीबरोबर घड्याळ नव्याने सुरू होतं. म्हणून एका त्रुटीचं अर्धवट उत्तर आज आणि उरलेलं पुढच्या आठवड्यात, असं करू नका. सगळ्या मुद्द्यांना एकत्र उत्तर द्या. शिवाय प्रस्ताव नियमात बसत नसेल तर मानीव परवानगीचा काही उपयोग नाही. नकार मिळाला किंवा अट जाचक वाटली, तर कलम 47 खाली शासनाकडे अपील करायला 40 दिवस आहेत. नुसता विलंब होत असेल तर लोकसेवा हक्क कायद्याखालचं अपील जास्त उपयोगी पडतं.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, वर्षभराचं असतं. मुदतवाढ धरून एकूण चार वर्षं. जोतं (प्लिंथ) झालं की तपासणी करून घेतल्याशिवाय वर जाऊ नका. कॉलम जागेवर 20 सेंटिमीटर सरकला तर सामासिक अंतर तितकंच कमी होतं, आणि हे भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरायच्या परवानगीच्या) वेळी उघड झालं तर दुरुस्तीला जागा उरत नाही. दरम्यान आतल्या भिंती, जिन्याची दिशा किंवा पार्किंगचे 2.5 बाय 5 मीटरचे चौकोन बदलले असतील, तर सुधारित नकाशा भोगवट्याच्या अर्जाआधीच मंजूर करून घ्या. सगळी इमारत तयार नसेल तर भाग भोगवटा मागता येतो; त्या भागापुरती लिफ्ट, पाणी आणि अग्निशमनाची व्यवस्था मात्र चालू असायला हवी.