नागपूरच्या इतवारीतला पॅकेजिंगवाला: खाकी कागदाला भुलत नाही म्हणून चार स्टार

संत्र्याच्या सालीचं उटणं, कडुलिंबाचा फेसवॉश आणि कोकम बटरचा बाम, एवढेच प्रॉडक्ट आहेत आपले, हिंगण्याकडच्या लायसन्सवाल्या युनिटमधून बनवून घेते आणि ऑनलाइन विकते. कस्टमर सारखे विचारून राहिले होते की ताई, माल नॅचरल अन् डबी अशी काऊन? म्हणून इतवारीतल्या एका पॅकेजिंग डिझाइनवाल्याकडे गेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, खाली तक्रारी पण आहेत.

बाकी जिथे जिथे विचारलं तिथे एकच उत्तर, खाकी कागद लावा, वर हिरवं पान छापा, झालं इको-फ्रेंडली. या भाऊंनी आधी विचारलं, "ताई, रिकामी झाल्यावर ही डबी कबाडीवाला घेईल का?" आणि मग पूर्ण डिझाइनच तिथून उलटं मांडत आणलं. मला हा माणूस तिथेच पटला.

उटण्यासाठी आजकाल सगळेच क्राफ्टचा, म्हणजे खाकी कागदाचा, झिप पाऊच वापरतात. त्यांनी एक पाऊच माझ्यासमोर कोपऱ्यातून फाडला, बाहेर कागद, आत चकचकीत फिल्म, दोन्ही असे चिकटलेले की नखाने खरवडलं तरी सुटेना. हा रद्दीवाला पण घेत नाही आणि प्लास्टिकवाला पण नाही, सरळ कचऱ्यात. बरं, फिल्म नको म्हणून नुसता कागद ठेवला तर आपल्या पावसाळ्यात उटण्याचे गोळे होणार. शेवटी ॲल्युमिनियमची स्क्रू झाकणवाली डबी ठरली. महाग पडते, पण भंगारात ॲल्युमिनियमला कोणी नाही म्हणत नाही आणि ते वितळवून परत परत वापरता येतं.

फेसवॉशला मला पंप हवा होता, दिसायला भारी वाटतो ना. भाऊंनी एक पंप उघडून टेबलावर मांडला, नळी, गोटी, वॉशर, आणि मधात स्टीलची स्प्रिंग. एवढे वेगवेगळे तुकडे कोण सोडवत बसेल? त्याऐवजी एचडीपीई प्लास्टिकची बाटली, बुडावर 2 नंबरचा त्रिकोण असतो ती, आणि पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं फ्लिप-टॉप झाकण. प्लास्टिकच आहे, हो, पण भंगारवाला वेगळं काढून ठेवतो असलं प्लास्टिक आहे. काच का नाही, तर वजन. कुरिअरच्या दराचे स्लॅब, म्हणजे टप्पे, 500 ग्रॅमचे, त्यात काचेची बाटली आणि ती फुटू नये म्हणून भरलेला कागद, पार्सल लगेच पुढच्या स्लॅबमध्ये.

मी पीएलएच्या, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकच्या, कंपोस्टेबल डब्यांचं पण विचारलं. ते म्हणाले सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) सर्टिफिकेट बघितल्याशिवाय असला माल घेऊ नका, आणि घेतला तरी तो कुजायला साठ डिग्रीच्या आसपास चालणारा मोठा कंपोस्ट प्लांट लागतो, बाल्कनीतल्या कुंडीत तो तसाच पडून राहतो. वरून पीएलए स्वतःच पंचावन्न-साठ डिग्रीला मऊ पडायला लागतं. आपल्या मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, मग डिलिव्हरीच्या बंद गाडीत काय होत असेल, तुम्हीच सांगा बाप्पा.

त्याच उन्हाचा बामला पण त्रास. कोकम बटर चाळीस डिग्रीच्या आसपास पातळ होतं, डबी आडवी झाली की तेल झाकणातून बाहेर. यांनी झाकणात जाडसर वॉशर बसवला आणि सॅम्पल भर दुपारी गाडीच्या डिकीत आडवं ठेवून दिलं. संध्याकाळी बाम पार पातळ, पण डबीच्या कडेला बोट फिरवलं तर कोरडं. गार झाल्यावर बाम जरा रवाळ होतो, ते पॅकिंगने सुटणार नाही.

खोक्याचं डोकं तर जबरदस्त. कुरिअरवाले खोक्याच्या मापावरून पण वजन धरतात. माझं खोकं होतं 20 बाय 15 बाय 10 सेंटीमीटर, गुणाकार करून 5000 ने भागा, 0.6 किलो म्हणजे 600 ग्रॅम येतात, म्हणजे आत माल कमी असला तरी कुरिअरवाला एक किलोचे पैसे लावणार. त्यांनी 18 बाय 12 बाय 8 केलं, साडेतीनशेच्या आत बसलं. तीन थरांच्या (प्लायच्या) साध्या कोरोगेटेड पुठ्ठ्याचं खोकं, आत बबल रॅपऐवजी त्याच पुठ्ठ्याचा खाचेचा तुकडा, बाहेरून पाण्याने चिकटणारी कागदी टेप. सगळंच कागद, रद्दीवाला जसंच्या तसं उचलतो. कुरिअरचे पैसे वाचले त्यात डब्यांचा जास्तीचा खर्च बराचसा निघून राहिला.

आता तक्रारी. लेबल फसलं. बिनकोटिंगचा कागद दिला, तेलकट बोट लागलं की कडेने काळपट डाग पसरत जातो आणि बॅच नंबर, तारीख वाचता येत नाही, आणि हे कायद्याने वाचता यायलाच पाहिजे. सांगितल्यावर बदलून दिलं, पण छपाईचे पैसे माझ्याकडून पुन्हा घेतले, हे काही पटलं नाही. दुसरं, पाचशे पीसच्या खाली हात लावत नाहीत, नवीन माणसाने एवढा माल ठेवायचा कुठे? आणि "परवा देतो" म्हटलं की पुढचा आठवडा समजा, दिवाळीच्या आधी तर फोनच उचलत नाहीत.

एक स्टार लेबलचा कापला. जायचं असेल तर आपला प्रॉडक्ट आणि सध्याचं खोकं घेऊन जा, नुसते मोबाइलवरचे फोटो ते बघत नाहीत. आणि कार नेऊ नका, त्या गल्लीत स्कूटी लावायचीच मारामार आहे.