जहाजावरून उडते मासे पाहायला ८×४२ दुर्बीण

लक्षद्वीपला जायचं ठरलं तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, १०×५० घे, जास्त जवळ दिसेल." मागच्या खेपेला तीच नेली होती. जहाज डुलतं, हातही थरथरतो, आणि दहापट मोठं चित्र दहापट हलतं. मासा सापडेपर्यंत तो पाण्यात गेलेला असायचा. या वेळी साडेनऊ हजारांची ८×४२ घेतली, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. हिच्यात हजार मीटरवरचा सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो. चष्म्यासकट अख्खं चित्र दिसतं, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट.

कोचीहून निघालेलं जहाज सकाळी कवरत्तीच्या जवळ येतं, तेव्हा पुढच्या बाजूला कठड्याशी उभं राहायचं, ऊन पाठीशी घेऊन. जहाजाच्या पुढच्या टोकाला बिचकून मासे दोन्ही अंगांना सुटतात. फोकस आधीच दूरच्या लाटेवर लावून ठेवा. चाक घट्ट आहे, आपोआप सरकत नाही. चमक दिसली की नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणायची. पहिल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशी जमलं.

तीस वर्षं वर्गात सांगत आले, की हा मासा पंख मारत नाही, पर ताणून हवेत तरंगतो. स्वतः पाहिलं ते आत्ता. छातीचे पर काचेसारखे ताठ, जराही फडफड नाही. सगळं बळ शेपटीचं. शेपटीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. अंग हवेत आलं तरी तो पाण्यातच राहतो आणि सेकंदाला पन्नासहून जास्त वेळा हलतो. पाण्यावर शिलाई मारल्यासारखी नागमोडी रेघ उमटते, मग रेघ संपते आणि मासा सुटतो. वेग उतरला की शेपूट पुन्हा पाण्याला टेकवून तो नव्याने जोर घेतो. हे मी एकाच माशाला तीनदा करताना पाहिलं, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंचा हातच धरला मी!

तो पाण्याला इतका लगटून का जातो, याचं उत्तर दक्षिण कोरियातल्या सोलच्या चोई आणि पार्क या संशोधकांनी २०१० मध्ये दिलं. पेंढा भरलेले मासे त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवले, खाली पाण्याची टाकी ठेवली. पृष्ठभागाजवळ हवेचा अडथळा कमी होतो आणि तरंगणं लांबतं. मी मोजलेलं सर्वांत लांब उड्डाण नऊ सेकंदांचं. जपानमध्ये २००८ साली ४५ सेकंदांचं चित्रित झालंय.

उणं काय, तर गळ्याचा पट्टा बारीक आहे, मानेला रुततो. रुंद पट्टा वेगळा घ्या. भिंगांची झाकणं सैल आहेत, एक समुद्रात गेलं. आणि रात्री भिंगं कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी गोड्या पाण्याचे चार थेंब सोडा, नाहीतर मिठाचे कण भिंगावर ओरखडे काढतात.