नौपाड्यातला इंग्लिशचा क्लास: दीड तास एकाच शब्दावर, तरी पैसे वसूल

आधी निकाल सांगते, चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच. क्लास नौपाड्यात आहे, गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नाव मुद्दाम देत नाहीये कारण सर एका बॅचला दहाबाराच्या वर माणसं घेत नाहीत आणि माझ्या नणंदेचा नंबर अजून लागायचाय. शोधणाऱ्याला सापडतो.

ठाण्यात स्पोकन इंग्लिशचे क्लास म्हणजे पैशाला पासरी, महिन्याभरात फाडफाड बोला, ग्रामरशिवाय शिका वगैरे. हे तसलं नाही. सर एक साधा शब्द घेतात, जो आपल्याला येतो असं आपल्याला वाटत असतं, आणि तो कुठे कुठे कोणाबरोबर बसतो ते दाखवतात. आमचा एक अख्खा क्लास 'पर्पज'वर गेला. मला वाटलं पर्पज म्हणजे हेतू, उद्देश, झालं की, सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये रोज तो कॉलम बघतो आपण, त्यात दीड तास काय बोलणार हा माणूस.

सुरुवातच उच्चारापासून. आपण सगळे पर्पज म्हणतो, पण शेवटी 'स' आहे, पर्पस, आणि जोर पहिल्या अक्षरावर. जोर मागे गेला आणि शेवटी ज लावला की समोरच्याला 'प्रपोज' ऐकू येऊ शकतं. दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'पुढे मांडणे' अशा अर्थाच्या एकाच क्रियापदावरून आलेत, त्यामुळे नातेवाईकच आहेत, पण व्हिसाच्या खिडकीवर हे नातं काढायला जाऊ नका असं सर म्हणाले. (मी इथे सवयीने पर्पजच लिहिणारे, सरांनी वाचलं तर माफ करा.)

व्हिसाचा विषय निघाला कारण बॅचमध्ये एक रिटायर्ड काका आहेत, काकूंना घेऊन अमेरिकेला मुलीकडे जायचंय. तिकडच्या डीएस-१६० फॉर्मवर पर्पज ऑफ ट्रिप भरावं लागतं आणि इंटरव्ह्यूला पण तेच विचारतात. सरांनी ऑफिसर बनून विचारलं तर काका म्हणाले, "फॉर मीटिंग माय डॉटर." सर म्हणाले, "काका, मुलीशी मीटिंगच आहे तर झूमवर घ्या ना, एवढं तिकीट कशाला काढताय?" सगळे हसले, काका सगळ्यात जास्त. मग सरांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. आपण मराठीत 'मुलीला भेटायला चाललोय' म्हणतो आणि 'भाजी चिरायला सुरी' पण म्हणतो, दोन्हीकडे तोच 'आयला'. इंग्लिशमध्ये मात्र इथे दोन वाटा होतात. माणूस कशासाठी काय करतोय हे सांगायचं तर 'टू' आणि पुढे साधं क्रियापद, टू सी माय डॉटर. वस्तू कशाच्या कामाची ते सांगायचं तर 'फॉर' आणि 'इंग', अ नाइफ फॉर कटिंग व्हेजिटेबल्स. आपण भेटायला जाणाऱ्या माणसाला सुरीच्या वाक्यात बसवतो, म्हणून ते कानाला खटकतं. आणि उत्तर देताना 'माय पर्पज इज' अशी सुरुवात करायची काही गरज नाही, प्रश्नात पर्पज असला म्हणून उत्तरात असायलाच पाहिजे असं नाही. हे एवढं कळलं तिथेच माझी अर्धी फी वसूल झाली.

मग शब्दाचं गणगोत. ऑन पर्पज म्हणजे मुद्दाम. सर्व्ह्ज द पर्पज म्हणजे काम भागतं, फार भारी नाही पण चालून जातं. डिफीट्स द पर्पज म्हणजे ज्यासाठी केलं त्यालाच हरताळ, उदाहरणार्थ वजन कमी करायला तलावपाळीला चक्कर मारायची आणि येताना वडापाव. 'रडून काय उपयोग' याला मात्र पर्पज लावायचा नाही, तिथे 'व्हॉट्स द यूज'. पर्पजली आणि पर्पजफुली यात मी कायम गोंधळ घालायचे, सरांनी ठाणे स्टेशनच्या पुलावर नेऊन ठेवलं: लोकल पकडायला नाकासमोर बघत तरातरा उतरणारी बाई पर्पजफुली चालते, आणि गर्दीचा फायदा घेऊन खांदा मारून जाणारा ते पर्पजली करतो. आता विसरणं शक्य नाही.

बँकेतल्या एका मुलीने विचारलं की स्पेशल पर्पज व्हेइकल म्हणजे कसली गाडी. गाडी नाही, ठरावीक कामापुरती काढलेली वेगळी कंपनी. २०१५ मध्ये स्मार्ट सिटी मिशन आलं तेव्हा निवडलेल्या प्रत्येक शहराला अशी कंपनी काढायला लावली होती, राज्य सरकार आणि महापालिका निम्मे निम्मे भागीदार, आपल्या ठाण्याची पण निघाली. कोणाला माहीत होतं?

आता तक्रारी. सर इतिहासात शिरले की बाहेर येत नाहीत. 'फॉर ऑल इंटेंट्स अँड पर्पजेस' म्हणजे जवळजवळ तसंच, हे एका वाक्यात झालं असतं, पण मग आठव्या हेन्रीच्या काळातला कायदा, मग कोर्टाची भाषा, मग इंग्लिश लोकसुद्धा चुकून 'इंटेन्सिव्ह पर्पजेस' म्हणतात ते, ऐकायला मजा येते पण तेवढ्यात आमची बोलायची प्रॅक्टिस गेली ना. क्लास रोज उशिरा सुटतो आणि टीएमटीची बस जाते. नोट्सची झेरॉक्स इतकी फिकी की अर्ध्या ओळी अंदाजाने वाचायच्या. एखादा दिवस बुडला तर तो गेलाच, रिपीट नाही. आणि जे आधीच बडबडे आहेत तेच जास्त बोलतात, गप्प बसणाऱ्याला सर हटकून उठवत नाहीत, त्यासाठी कापला पाचवा स्टार.

अगदी एबीसीपासून शिकायचं असेल तर इथे जाऊ नका, डोक्यावरून जाईल. वाचलेलं इंग्लिश कळतं, ऑफिसचे ईमेल कसेबसे लिहिता येतात, पण तोंड उघडलं की मराठी वाक्याचं भाषांतर बाहेर पडतं, अशांसाठी एकदम योग्य. पहिला क्लास फुकट बसू देतात, तो नक्की करा. संध्याकाळच्या बॅचपेक्षा सकाळची बरी, पंखा एकच आहे. आणि गाडी घेऊन जाऊ नका, नौपाड्यात पार्किंग शोधण्यात अर्धा क्लास जाईल.