गाडीतल्या कायमच्या नेव्हिगेशन फोनला वीज कुठून द्यावी?

जुना फोन गाडीत नकाशासाठी कायमचा बसवायचा असेल, तर आधी विजेचं बघा. म्युझिक सिस्टिमच्या यूएसबीवर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तिथून अर्धा ॲम्पिअरच मिळतो, म्हणजे अडीच वॅट. पूर्ण उजेडाची स्क्रीन, जीपीएस आणि डेटा यांना तेवढं पुरत नाही. दहिसरहून चर्चगेटला पोचेपर्यंत, वायर लावलेली असूनही, बॅटरी उतरलेली असते.

लायटर सॉकेटमधला २.४ ॲम्पिअरचा चार्जर १२ वॅट देतो आणि ते भरपूर झालं. खर्च कमी, गाडीला हात लावायला नको. पण खड्ड्यांत प्लग सैल होतो आणि वायर गिअरजवळ लोंबते.

कायमचंच करायचं तर फ्यूज बॉक्समधून लाइन घ्या. कलिन्याच्या सीएसटी रोडवर हे काम करणारे सापडतात. त्यांना एवढंच ठामपणे सांगा: चावीबरोबर चालू-बंद होणारी लाइन हवी, मध्ये १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि स्वतंत्र छोटा फ्यूज हवा. चोवीस तास चालू असलेल्या लाइनचा मोह होतो, कारण फोन कधी बंदच पडत नाही. पण हिशेब मांडा. झोपलेला फोन आणि कन्व्हर्टर मिळून ०.०५ ॲम्पिअर ओढत असतील, तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचं माप) गेले. गणपतीला रेल्वेने गावी गेलात, गाडी बारा दिवस बिल्डिंगखाली उभी, की १४ ॲम्पिअर-अवर संपले. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ची. जुनी असेल तर परत आल्यावर धक्का मारायचीच वेळ. ही लाइन घ्यायचीच असेल, तर डॅशकॅमसाठी, म्हणजे गाडीत रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, मिळतो तसा, व्होल्टेज घसरलं की पुरवठा तोडणारा कन्व्हर्टर घ्या.

चावीच्या लाइनची अडचण एकच. फोन पूर्ण उतरून बंद पडला, तर बहुतेक अँड्रॉइड फोन वीज आल्यावर नुसतं बॅटरीचं चित्र दाखवतात; बटण दाबून चालू करावे लागतात. आयफोन मात्र आपोआप सुरू होतो. उतरताना एअरप्लेन मोड लावायची सवय केली की अँड्रॉइडही दोन-तीन दिवस तग धरतो.

वायरलेस स्टँड मी सुचवणार नाही. त्यात फोन जास्त तापतो, आणि तापणं हाच खरा शत्रू. माझा पहिला फोन मी काचेला चिकटवून ठेवला होता. मे महिन्यात एका दुपारी पाहिलं, तर स्क्रीन एका कडेने नखभर वर आली होती, आत बॅटरी फुगलेली. असा फोन दाबू नका, चार्ज करू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. पार्क केलेल्या गाडीत आयफोन ठेवू नका, तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ शकतं, असं ॲपलही बजावतं.

म्हणून माझी निवड: चावीची लाइन, एसीच्या झडपेजवळ स्टँड, फोनमध्ये सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलेलं. वायर आणि स्टँड कायमचे ठेवा. गाडी उन्हात उभी करणार असाल, तर फोन काढून खिशात टाका.